शेगडीमागची जागा

जोस्ट एमरिखला पुरून लोक घरी परतले तेव्हा ओटिलियानं आधी शेगडीत निखारे सारले आणि मगच डोक्याचा काळा रुमाल सोडला. आलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नवऱ्यावर माती पडून तास झाला नव्हता आणि ही निखारे सारतेय! पण बिले सकाळपासून गारठ्यात बसली होती, आणि बिले गारठली की तिच्या घशातून जो बारीक आवाज सुरू व्हायचा तो दिवस मावळेपर्यंत थांबायचा नाही, हे त्या बायकांना कुठून ठाऊक असणार?

बिले म्हणजे सिबिला, जोस्ट आणि ओटिलियाची मुलगी. तेव्हा तिला तिसावं लागलं होतं. फाल्झ या जर्मन मुलखातलं गाव सोडून हे कुटुंब जहाजात चढलं तेव्हा मुलं चार होती. सात वर्षांचा फेल्टिन, चार वर्षांची बिले आणि त्याहून धाकटी दोघं. त्या वर्षी जहाजांवर ताप होता. धाकटी दोघं समुद्रातच राहिली. बिले वाचली, पण तापानं तिची वाचा नेली आणि समज चार वर्षांच्या पुढे सरकू दिली नाही. फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर जोस्टनं तिला खांद्यावर घेऊन उतरवलं तेव्हा भीतीनं तिनं त्याच्या मानेत दात रोवले होते. तो व्रण त्याच्याबरोबर गेला. त्यानंतर होडी, गाडी, हलणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर तिला कुणी बसवू शकलं नाही.

टुल्पेहॉकनच्या खोऱ्यात जोस्ट जहाजाच्या भाड्यापोटी सहा वर्षं दुसऱ्याच्या शेतावर बांधील राहिला, मग जंगल तोडून त्यानं स्वतःचं शेत केलं, दगडी घर बांधलं आणि बैठकीच्या खोलीत शेगडी बसवली. पाच जाड ओतीव पत्र्यांची, माणसाच्या कमरेइतकी उंच. स्वयंपाकघराच्या बाजूनं भिंतीतून निखारे आत सारायचे, की इकडे खोली ऊबदार. बाजूच्या पत्र्यावर, येशूनं पाण्याचा द्राक्षरस केला त्या काना गावच्या लग्नाचं चित्र होतं, सहा रांजण, नवरा-नवरी, वाकून पाणी ओतणारे चाकर. शेगडी आणि बाजूची भिंत यांच्यामधल्या बाकावर बिले बसली ती बसलीच. तिथंच झोपायची, तिथंच खायची. शरदात तिच्यापुढे सफरचंदांची टोपली ठेवली की वाळवणाच्या फोडी करून द्यायची, एकसारख्या, पातळ. उन्हाळ्यात शेगडी थंड असली की त्या पत्र्यावरून बोट फिरवत राहायची. एक रांजण, दुसरा रांजण, नवरीचं डोकं.

तर त्या दिवशी पाहुण्यांना राय धान्याची भाकर आणि डुकराचं मांस वाढून झाल्यावर शाळामास्तर लिओनहार्ट झेर्बे यांनी जोस्टचं मृत्युपत्र वाचलं. खोऱ्यातली मृत्युपत्रं तेच लिहायचे. अर्ध्या लोकांना लिहिता येत नसे, आणि ज्यांना येई त्यांना इंग्रजांच्या कोर्टात चालेल असं लिहिता येत नसे.

"माझी पत्नी ओटिलिया हिला, ती जिवंत असेल आणि माझं नाव लावील तोवर," मास्तरांनी वाचलं, "बैठकीच्या खोलीत शेगडीमागची जागा आणि तिथला बिछाना. स्वयंपाकघरातून विहिरीकडे जायची वाट. दरवर्षी बारा मापं राय आणि चार मापं गहू, दळून. अर्धं डुक्कर, किडकिडीत नव्हे. एक गाय, आणि तिला आमच्या कुरणातला चारा. विहिरीकडच्या कोबीच्या दोन ओळी. सफरचंदाच्या चौथ्या झाडाची सगळी फळं. पायांत दरवर्षी नवा जोड. आणि सरपण, बारीक फोडलेलं, दाराशी आणून दिलेलं."

"जोस्ट वर पोचला तरी कोबी मोजतोय!" शेजारचा माथेस म्हणाला, आणि दोघंतिघं हसले.

"मोजू दे की," त्याची बायको म्हणाली. "तुझ्या बापानं मोजला नव्हता. तुझी आई तीन हिवाळे माझ्यामागं लाकडं दे, लाकडं दे करत फिरली."

"आणि तू दिलीस?"

"दिली की. भिजलेली."

पुन्हा हसले. बाकीचं सगळं, म्हणजे घर, जमीन, जनावरं, फेल्टिनला. फेल्टिन दाराशी मान खाली घालून उभा होता. चार मुलगे होते त्याला, पाचवं बायकोच्या पोटात.

त्या खोलीत तेव्हा पंधराएक माणसं होती. बिले सगळ्यांच्या डोळ्यांपुढे बसली होती, शेगडीच्या पत्र्याला गाल टेकून. आणि कागदात तिचं नाव नाही हे एकाच्याही लक्षात आलं नाही. ओटिलियाच्याही नाही.

लक्षात आलं ते दीड वर्षानं, गिरणीच्या अंगणात. ओटिलिया कातलेलं सूत घेऊन तिकडे गेली होती. अंगणात गर्दी दिसली. मध्ये दगडावर एका हाताचा हाइनर बसला होता. तरुणपणी लाकूडतोडीत त्याचा हात गेला, तेव्हापासून तो भावाच्या घरी राहायचा, कोंबड्या राखायचा, पोरांना शिट्टी वाजवायला शिकवायचा. भाऊ वारला. भावजयीनं दुसरं लग्न केलं. नव्या नवऱ्यानं कागद वाचला, त्यात हाइनरचं नाव नव्हतं. झालं. निराधारांची सोय बघणारे गावचे दोघं आता विचारत होते, गावाकडून कमीत कमी पैसे घेऊन हाइनरला वर्षभर कोण ठेवून घेतो?

"हात एकच आहे हो, पण तोंड अख्खं आहे!" कुणीतरी मागून ओरडलं.

"चार पौंड," एकजण म्हणाला.

"साडेतीन."

हाइनर दगडावरून म्हणाला, "मागच्या वर्षी इथंच माथेसचा वळू विकला. त्याची बोली वर चढत होती. माझी उतरतेय. म्हटलं, विचारून घ्यावं, कुणी मला वळू समजत नाही ना?"

सगळे हसले, तोही हसला. पण ओटिलियाला दिसलं, की उरलेल्या हातानं त्यानं गुडघा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. तीन पौंडांना गेला तो. मग एकानं खिशातून इंग्रजी अक्षर शिवलेली लाल कापडाची पट्टी काढली आणि त्याच्या उजव्या खांद्यावर टाचली. गावाच्या अन्नावर जगणाऱ्यानं ती लावायची असा इंग्रजांचा कायदा होता.

ओटिलिया सूत तिथंच टाकून मास्तरांच्या घरी गेली.

"मास्तर, तो कागद काढा. बिलेचं नाव कुठंय त्यात?"

मास्तरांनी कागदाची नक्कल काढली, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. नंतर खालपासून वरपर्यंत.

"नाही, बाई."

"का नाही?"

"तुम्ही सांगितलं नाहीत. जोस्ट बोलत होता, तुम्ही त्याच्या उशाशी बसला होता. तुम्ही म्हणालात, सरपण बारीक फोडलेलं लिहा. मी लिहिलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, बारीक. जोडे तर तुम्हीच कागदात घालायला लावलेत. बिलेचं कुणी बोललंच नाही."

"ते काय लिहायचं असतं? ती घरातलीच आहे. आमच्या गावात लग्न न झालेल्या बहिणीची जागा घराबरोबरच जायची. भाऊ असो, भाच्याची बायको असो, तिला उठ म्हणायची कुणाची छाती नव्हती. आपल्यात हे कुणी लिहितं का?"

"नाही लिहीत. म्हणूनच मलाही सुचलं नाही." मास्तरांनी चष्मा काढला. तेही फाल्झकडचेच. "पण रेडिंगच्या कोर्टात जो बसतो त्याला आपलं गाव माहीत नाही, बाई. त्याला कागद माहीत आहे. तुमची जागा तुम्ही आहात तोवर. तुमच्यामागं तिला तिथं बसायचा हक्क कुठंच नाही."

ओटिलिया घरी चालत आली ती रस्ताभर एकच गोष्ट आठवत. तिनं सरपणाचं दोनदा सांगितलं होतं. दोनदा. बिले चार हातांवर बसली होती तेव्हा.

फेल्टिन वाईट नव्हता. आईनं विचारल्यावर तो दुखावला.

"मी असताना, आई? सख्ख्या बहिणीला मी बाहेर काढीन?"

"मग कागदावर लिही."

"आपल्या आपल्यात कागद कशाला?"

"तुझ्या बापालाही असंच वाटलं होतं."

फेल्टिननं बायकोकडे पाहिलं. डोरोथेआ पाळण्यातल्या पाचव्या मुलाला झोपवत होती. ती शांतपणे म्हणाली, "सासूबाई, यांच्यामागं मी. माझ्यामागं हे पाच. कुणाच्या गळ्यात किती वर्षं ती राहणार हे मी आज कसं लिहून देऊ? तुम्ही आई आहात, मान्य. मीही कुणाची तरी आईच आहे."

तिच्या जागी ओटिलिया असती तर तीही हेच म्हणाली असती.

दोन वर्षं गेली. मग कॅरोलायनाहून डोरोथेआच्या भावांचं पत्र आलं. तिकडे जमीन स्वस्त, इकडे एका शेताचे पाच तुकडे करून मुलं जगणार नाहीत, तिकडे प्रत्येकाला वेगळं शेत घेता येईल. फेल्टिननं ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घड्या फाटल्या. गिऱ्हाईकही मिळालं. डोंगरापलीकडचा डानिएल क्रायडर, मेनोनाइट पंथाचा, दाढीवाला, कमी बोलणारा. ही माणसं शपथ घेत नसत, पण लिहिलेलं कधी मोडत नसत. फक्त एक अडचण होती. ओटिलियाचा हक्क जमिनीवर चढलेला होता. तिनं कागदावर सहीची फुली मारल्याशिवाय शेत मोकळं होत नव्हतं.

"तू आणि बिले आमच्याबरोबर चला," फेल्टिन म्हणाला. "मी काय तुम्हाला टाकून जाणार आहे? गाडीत पेंढा घालतो, शेगडीचा पत्रा हवा तर काढून घेऊ."

"ती गाडीत बसणार नाही."

"बघू तरी."

बघितलं. एप्रिलच्या एका सकाळी गाडी दारात उभी केली, पेंढा घातला, वर तिचीच गोधडी अंथरली. फेल्टिननं बहिणीला उचललं. चाकं दिसेपर्यंत ती गप्प होती. मग जे सुरू झालं ते शेजारी माथेसच्या घरापर्यंत ऐकू गेलं. तिनं भावाचं मनगट चावलं, स्वतःची जीभ चावली, अंग ताठ केलं, डोळे फिरवले. खाली उतरवून शेगडीमागं नेलं तरी ते थांबेना. तीन दिवस तिनं पाणी घोटलं नाही. चौथ्या दिवशी ओटिलियानं तिच्या ओठांना ओलं फडकं लावलं तेव्हा ते तिनं चोखलं. फेल्टिन दारात उभा राहून रडला. मनगटाला पट्टी बांधलेला छत्तीस-सदतीस वर्षांचा बाप्या.

"मी थांबतो," तो म्हणाला. "तू आहेस तोवर थांबतो, आई. पण तुझ्यामागं एक दिवस थांबणार नाही, हे आत्ताच सांगतो. माझ्याच्यानं होणार नाही."

हे त्यानं खरं सांगितलं, आणि म्हणूनच ओटिलियाच्या मनात हिशेब पक्का झाला. ती मेली की तिच्या फुलीचं काहीच मोल नाही. आज आहे. आज तिच्या फुलीवाचून चार माणसं अडलेली आहेत. बिलेसाठी काही घ्यायचं तर ते आत्ताच, जिवंतपणी.

क्रायडर पुन्हा आला तेव्हा तिनं त्याला आणि फेल्टिनला बैठकीच्या खोलीत बसवलं, ताक दिलं.

"शेत घ्या. आमच्यासकट घ्या. मी आणि ही."

क्रायडरनं बिलेकडे पाहिलं. नीट पाहिलं, जनावर घेताना पाहतात तसं. पण त्यात तुच्छता नव्हती.

"बाई, खोटं बोलत नाही. तुमचं मी घेईन. तुमचे दिवस दिसताहेत, राग मानू नका. पण ही अजून तीस वर्षं जगेल. दोघींचं मला झेपणार नाही. एक माणूस. शेगडीमागं एक माणूस मी आयुष्यभर सांभाळीन आणि माझा मुलगा सांभाळील. कोण, ते तुम्ही ठरवा."

"मग ती," ओटिलिया म्हणाली.

"आई!" फेल्टिन उठलाच.

"तू बस. माझ्या नावावर जे जे आहे ते सगळं तिच्या नावावर लिहा. शब्दन् शब्द."

"आणि तू कुठं जाशील?"

"मला चालता येतं."

आठवड्यानं मास्तरांच्या घरी कागद झाला. मास्तर वाचत होते, क्रायडर प्रत्येक ओळीला मान हलवत होता. शेगडीमागची जागा. राय. गहू. अर्धं डुक्कर, किडकिडीत नव्हे. जोड्यांपाशी क्रायडर थांबला.

"जोडे कशाला? ती चालते कुठं?"

"लिहा," ओटिलिया म्हणाली.

"वाया जातील, बाई."

"जाऊ देत. एकदा वगळायला लागलं की मग काय काय वगळलं जातं ते मला माहीत आहे. लिहा, मास्तर. आणि आणखी एक लिहा. शेगडी बदलायची नाही. काना गावचा पत्रा ती जिवंत आहे तोवर हलवायचा नाही."

क्रायडर दाढीतल्या दाढीत हसला. "लिहा," तोही म्हणाला. ओटिलियानं फुली मारली. मग ती पुन्हा मास्तरांना म्हणाली, "तिचं नाव वाचून दाखवा." मास्तरांनी वाचलं. "आणखी एकदा." मास्तरांनी पुन्हा वाचलं.

मे महिन्यात फेल्टिनच्या गाड्या निघाल्या. त्यानं शेवटपर्यंत आर्जवं केली. "बिले इथं आहे, तिचं झालं. तू तरी चल. पोरं तुला सोडत नाहीत." पोरं खरंच सोडत नव्हती, धाकट्यानं तिचा एप्रन धरून ठेवला होता. डोरोथेआनं त्याची बोटं एकेक करून सोडवली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, सासूच्या हातात आपली लोकरी शाल कोंबली.

"थंडीत लागेल. परत देऊ नका," ती म्हणाली आणि वळून न बघता गाडीत चढली.

कॅरोलायनाहून दोन पत्रं आली. तिसरं आलं नाही.

ओटिलिया मास्तरांकडे सूत कातायला राहिली. तिथून क्रायडरचं शेत अर्ध्या मैलावर. दर रविवारी प्रार्थना संपली की ती जाऊन बिलेजवळ बसायची, तिचे केस विंचरायची, नखं काढायची. क्रायडरची बायको एस्थर भली बाई होती, पहिल्याच रविवारी तिनं सुपाचा वाडगा पुढे केला.

"नको, एस्थरबाई."

"अहो, घासभर खाल्लंत तर आमचं काय जातंय?"

"कागदात एक माणूस लिहिलंय."

"डानिएल काही म्हणणार नाही."

"आज नाही म्हणणार," ओटिलिया म्हणाली, आणि रुमालातून आणलेला भाकरीचा तुकडा तिनं काढला. तिच्या मनात एकच भीती बसली होती. दोघींचं खाणं दिसलं, की कुणीतरी एक दिवस घास मोजायला लागेल. कागद आहे, पण कागद वाचणारी शेवटी माणसंच. त्यांना बिलेचा कंटाळा येईल असं काहीही आपल्या हातून घडता कामा नये. म्हणून ती तिथं हसून बसायची, कधी तक्रार करायची नाही, एकदा बिलेच्या गळ्याला गोधडी काचून लाल वळ उठला होता तेव्हाही तिनं न बोलता नुसती गोधडी सैल केली.

क्रायडर मात्र लिहिल्याप्रमाणं वागला. त्याहून कमी नाही, जास्तही नाही. डुक्कर कापलं की अर्ध्याची खूण करायचा. शरदात घरोघर फिरणारा चांभार आला की जोडे करून घ्यायचा. चांभारानं विचारलं, माप? बिले पायाला हात लावू देईना. तेव्हा चांभार म्हणाला, "शेगडीमागच्या बाईचं माप आहे माझ्याकडे, जुनं." आणि त्याच मापानं जोडे झाले. ओटिलियाच्या मापाचे. बाकाखाली ते ठेवले, पुढच्या वर्षी त्यांच्याशेजारी दुसरे.

तिसऱ्या वर्षी मास्तर झेर्बे वारले. नवा मास्तर सहा मुलांसकट आला, कातणाऱ्या म्हातारीला घरात कोपरा नव्हता. तशीही ओटिलियाच्या डोळ्यांपुढे आता धागा दोनदोन दिसायचा. मार्चमध्ये ती गिरणीच्या अंगणात त्याच दगडावर बसली.

हाइनर गर्दीत होता, खांद्यावर लाल पट्टी, पार म्हातारा झालेला. "काकू, ताठ बसा," तो ओरडला. "वाकून बसलं की लोकांना वाटतं आजारी आहे, मग बोली वाढते. आणि बोली वाढली की गावाला आवडत नाही!"

"तू किती वेळा बसलास रे इथं?"

"सहा. दगडाला माझा आकार आलाय. बघा, बसायला बरं वाटतंय की नाही?"

ओटिलिया हसली. तिची बोली पटकन उतरली. बास्टियान कुल म्हणून डोंगराच्या कडेला राहणारा एकटा माणूस होता, लाकडाच्या फळ्या फोडायचा, त्याला हंस राखायला माणूस हवं होतं. त्यानं सगळ्यांत कमी सांगितलं. तिच्या उजव्या खांद्यावर लाल पट्टी टाचली गेली. कुल मारत नव्हता, उपाशी ठेवत नव्हता. पण त्याचं घर क्रायडरच्या शेतापासून सहा मैल होतं.

सहा मैल जायला, सहा यायला. ती दर रविवारी गेली. पट्टीवर डोरोथेआची शाल घेऊन जायची. पहिल्याच रविवारी शाल घसरली आणि बिलेला ती लाल पट्टी दिसली. तिनं बोट पुढे केलं. पट्टीवरच्या अक्षराच्या कडेनं तिनं बोट फिरवलं, वरून खाली, गोल, पुन्हा वर, जसं पत्र्यावरच्या रांजणांवरून फिरवायची तसं. ओटिलियानं खांदा हलवला नाही. त्यानंतर तिथं पोचली की ती शाल स्वतःच काढून ठेवायला लागली.

पुढच्या वर्षी तिचे जोडे फाटले. उजव्याचा तळ निघाला, तिनं तो चिंधीनं बांधला. कुलला जोडे देणं बंधनकारक नव्हतं, त्याच्या बोलीत अन्न आणि छप्पर एवढंच होतं. जानेवारीत ती चिखल-बर्फ तुडवत आली तेव्हा एस्थरनं तिच्या पायांकडे पाहिलं आणि बाकाखाली वाकली. एक कोरा जोड काढून पुढे ठेवला.

"हे घाला. ओटिलियाकाकू, मी ऐकणार नाही. चार जोड पडलेत. तिनं एकदाही पायात घातलेले नाहीत. तुमच्याच मापाचे आहेत."

ओटिलियानं ते हातात घेतले. चांगलं कातडं होतं. आतून बोट घालून पाहिलं. मग बाकाखाली जिथं होते तिथं, टाचा भिंतीकडे करून, परत ठेवले.

"तिच्या नावावर आहेत."

"तिला काय कळतंय?"

"तिला नाही कळत. तुमच्या मुलाला कळेल. आज मी जोडे नेले, की उद्या तो म्हणेल, हिला जोडे लागत नाहीत, मग कशाला करा? परवा म्हणेल, गहूही फार होतो. एस्थरबाई, तुमच्या पाया पडते. हे मला पुन्हा देऊ नका. आणि दर वर्षी करायचं थांबवू नका."

"कशी बाई आहात हो तुम्ही!" एस्थर रागानंच म्हणाली, आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी थंडीनं नदी गोठली होती. कुलनं सांगितलं, आज जाऊ नका. ती गेली. बिलेचे केस विंचरले, वेणी घातली, तिला खांद्यावरून बोट फिरवू दिलं आणि परत निघाली. कुलच्या दारात पोचली तेव्हा उजव्या पायाला काही जाणवत नव्हतं. चिंधी सोडली तर तीन बोटं काळी होती. काळेपणा वर चढत गेला. तेरा दिवस ती कुलच्या घरी पेंढ्यावर होती. बाराव्या दिवशी तिनं कुलला विचारलं, आज वार कोणता? तो म्हणाला, शुक्रवार. ती म्हणाली, मग परवा.

एस्थर पुरायला आली होती. घरी जाऊन तिनं बिलेचे केस विंचरायला घेतले तर बिलेनं डोकं मागं ओढलं. नंतर कित्येक रविवार ती दुपारी दाराकडे तोंड करून बसायची. मग ते थांबलं.

कागद मात्र मोडला नाही. डानिएल क्रायडर गेला, त्याचा मुलगा आला, त्यानंही राय मोजली, डुक्कर अर्धं केलं, सरपण बारीक फोडून दाराशी टाकलं. लोकांनी नव्या, मोठ्या शेगड्या घेतल्या. त्या घरात काना गावचं लग्न तसंच राहिलं, फक्त नवरीचं डोकं बोट फिरून फिरून गुळगुळीत झालं. सिबिला एमरिख एकसष्टाव्या वर्षी, त्याच बाकावर, झोपेत गेली. जागा रिकामी करायला म्हणून एस्थरच्या सुनेनं बाक बाजूला ओढला. भिंतीला टाचा लावून रांगेत जोडे ठेवलेले होते. सत्तावीस जोड, सगळे एकाच मापाचे. जुन्यांचं कातडं वाळून तडकलं होतं. तळ एकाचाही झिजलेला नव्हता.